सातवं पिल्लू

मुलांनी टीव्हीवर काय बघावं, हे मुलं सोडून बाकी सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. आजोबांच्या मते पाढे आणि स्तोत्रं. काकांच्या मते स्पर्धा परीक्षा, कारण पाया चौथीतच घालावा लागतो. सहा महिने न्यू जर्सीत राहून आलेल्या वहिनींच्या मते कोडिंग. मुख्याध्यापिकाबाईंच्या मते काहीच नाही, मुलांनी टीव्हीच बघू नये. मात्र त्यांच्या शाळेवर कुणी कार्यक्रम करणार असेल तर गोष्ट वेगळी. ही चर्चा रंगात आलेली असताना मूल आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेलं असतं, आणि कुणीतरी साबणाची वडी सुरीने बारीक बारीक कापतंय ते तल्लीन होऊन बघत असतं.

ही सगळी मतं गोळा करायची, त्यांचे सव्वीस भाग पाडायचे, प्रत्येक भागाला नाव द्यायचं आणि ते गाठोडं एका सार्वजनिक वाहिनीच्या दारात नेऊन सोडायचं, हा माझा धंदा. मी मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांचे प्रस्ताव लिहितो. 'प्रस्ताव लिहितो' म्हणालो, 'कार्यक्रम करतो' असं म्हणालो नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. वाहिनीचं नाव सांगत नाही. एक फाइल अजून आत आहे.

खासगी वाहिनीत गेलं की ते म्हणतात, काय आहे ते दोन वाक्यांत सांगा. आणि दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर त्यांचा फोन वाजतो. सार्वजनिक वाहिनीत असला उतावीळपणा नाही. तिथे दोन वाक्यांत सांगितलं तर या माणसाकडे सांगण्यासारखं काही नाही असा समज होतो. तिथे प्रस्ताव भरगच्च लागतो. संकल्पना, उद्दिष्टं, लक्ष्यगट, भागवार सारांश, खर्चाचं अंदाजपत्रक, पूर्वानुभवाचे दाखले, तीन वर्षांची विवरणपत्रं, आणि शेवटी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, की ही कल्पना माझी स्वतःची आहे, कुणाची उचललेली नाही. एक हरवणारं पिल्लू आणि त्याला शोधणारी कोंबडी माझ्याच डोक्यात आली, हे मी नोटरीसमोर शपथेवर सांगितलेलं आहे. नोटरीने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का मारला.

प्रस्तावाचा प्राण असतो 'अध्ययन निष्पत्ती'त. म्हणजे भाग बघून झाल्यावर मुलाला काय यायला लागलं, ते आधीच लिहून द्यायचं. 'विद्यार्थी पाण्याच्या तीन अवस्था सांगतो.' 'विद्यार्थी परिसरातील पाच पक्ष्यांची यादी करतो.' यात क्रियापद मोजता येणारं हवं. सांगतो, ओळखतो, वर्गीकरण करतो, हे चालतं. 'विद्यार्थ्याला कुतूहल वाटते' हे चालत नाही, कारण कुतूहलाला गुण कसे देणार? 'विद्यार्थ्याला मजा येते' असं मी एकदा लिहिलं होतं. फाइल परत आली तेव्हा त्या ओळीखाली तांबड्या शाईची रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, 'संदर्भ?'

दुसरा प्राण 'गाभा घटकां'त. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमासाठी दहा गाभा घटक सांगितले. स्वातंत्र्य चळवळीचा इतिहास, समान सांस्कृतिक वारसा, पर्यावरणाचं रक्षण, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे. डी.एड. झालेल्या माणसाला अपरात्री हलवून उठवलं तरी तो ते क्रमाने म्हणून दाखवतो आणि परत झोपतो. यांत एक घटक 'छोट्या कुटुंबाचा आदर्श' असा आहे. वर्षानुवर्षं हा घटक कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. माझ्या कोंबडीला तो कसा आडवा आला, ते पुढे येईलच.

साहेबांची वेळ मिळेपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं असतं. मुलांचे कार्यक्रम सुचवणारा महाराष्ट्र बघायचा असेल तर या बाकावर बसावं. एक निवृत्त मुख्याध्यापक हटकून असतात. त्यांच्याकडे संस्कारांचे शंभर भाग तयार असतात; नुसते तयार नाही, सोबत पिशवीत असतात. एक स्टार्टअपवाला तरुण असतो. त्याच्या लॅपटॉपमध्ये एक रोबो किल्ल्यावर चढत असतो, आणि 'यात हिस्ट्री पण आहे आणि एआय पण आहे' असं तो ज्याला-त्याला सांगत असतो. एक विज्ञानाचे सर असतात. ते ताटलीत पाणी घेतात, त्यात मेणबत्ती पेटवून उभी करतात आणि वर ग्लास पालथा घालतात. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, असं ते सांगतात. खरं तर पाणी चढतं ते मुख्यतः ग्लासातली तापलेली हवा गार होऊन आकसते म्हणून. मी हे सरांना हळूच सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "ठाऊक आहे हो. पण ऑक्सिजनचं उत्तर तीन पिढ्यांचं पाठ आहे. खरं सांगितलं तर पालक भांडायला येतील."

एकदा बाकावर माझ्या शेजारी कुडाळकडचे एक गृहस्थ होते. तिकडे पिंगुळी गावात ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. तिथल्याच एका जुन्या कलाकाराच्या हाताखाली ते शिकले होते. एसटीच्या प्रवासात दोऱ्यांचा गुंता झाला होता, तो सोडवायला त्यांनी एक राक्षस पिशवीबाहेर काढला आणि एकेक दोरा ओढून पाहू लागले. राक्षसाने मान वळवली. एक पाय उचलला. मग दुसराच दोरा चुकून ताणला गेला आणि राक्षसाने स्वतःच्याच कानशिलात भडकावली. चहाचा ट्रे घेऊन चाललेले शिपाईमामा तिथेच थबकले. आवक-जावकच्या बाई टेबल सोडून दारात आल्या. अकाउंट्समधले दोघं आले. राक्षसाने आणखी दोनदा थोबाडीत मारून घेतली आणि पाचसहा सरकारी माणसं कामाच्या वेळेत मोठ्याने हसली. चहा पार गार झाला. आत साहेबांनी त्या गृहस्थांना सांगितलं, की बाहुल्या जुन्या झाल्या, काहीतरी डिजिटल आणा.

साहेबांना हसणं सोपं आहे. पण आपल्याकडचा टीव्ही करमणुकीसाठी जन्मालाच आलेला नाही. तो मास्तर म्हणूनच जन्माला आला. १५ सप्टेंबर १९५९ला दिल्लीत युनेस्कोच्या मदतीने दूरदर्शनचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं, तेव्हा हेतू लोकशिक्षणाचा होता. १९६१पासून दिल्लीतल्या शाळांसाठी पाठ दाखवायला सुरुवात झाली. म्हणजे देशात घरोघरी टीव्ही पोचण्याच्या कितीतरी आधी टीव्हीवरचा तास सुरू झालेला होता. मग १ ऑगस्ट १९७५ला इस्रो आणि नासा यांचा 'साइट' हा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम उतरले आणि सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेली होती. उपग्रहाचे संकेत पकडायला गावागावांत ज्या मोठाल्या छत्र्या उभ्या केल्या, त्यांना जाळी लावली होती ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली. स्वस्त, हलकी आणि कुठेही मिळणारी. थोडक्यात, शैक्षणिक दूरचित्रवाणी आणि कोंबडी यांचा संबंध मी जोडलेला नाही, तो इस्रोने जोडलेला आहे. माझ्या प्रस्तावाच्या 'पूर्वपीठिका' या सदरात मी तसं नमूदही केलं आहे.

महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कुणाहीसमोर नुसतं नाव काढा. तो मान डोलवत शीर्षकगीत गुणगुणायला लागतो. कार्यक्रमात काय शिकवलं ते विचारा. तो म्हणतो, "थांबा, एक माणूस होता, त्याच्याकडे एक पेटी होती…" पुढचं आठवत नाही. तीसेक वर्षं ही संस्था कार्यक्रम करत होती; २०१७मध्ये ती बंद झाली.

शैक्षणिक कार्यक्रमांच्या वेळा हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. मुलं शाळेत असताना किंवा दात घासत असताना जो कार्यक्रम लागतो तो शैक्षणिक, अशी व्याख्या करायला हरकत नाही. १९८४मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दुपारी दाखवायला लागले. ते कॉलेजच्या मुलांसाठी होते. कॉलेजची मुलं दुपारी कुठे असतात हे आयोगालाही माहीत असावं. त्यामुळे पदार्थविज्ञानाचा खरा लाभ शेंगा सोलत बसलेल्या आमच्या आईला आणि मावशीला झाला. लेसर किरणांवर त्या दोघी बरंच बोलायच्या. मुलं घरात आणि शैक्षणिक कार्यक्रम टीव्हीवर, असा योग जुळून यायला महासाथ यावी लागली. जुलै २०२०मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. त्यात फळा, खडू आणि समोर बघून बोलणारे गुरुजी असं काही नव्हतं; घरातली मुलं आणि घरातलीच मोठी माणसं घरातल्याच वस्तू घेऊन काहीतरी करून बघत होती. शाळा बंद पडल्यावरच टीव्हीवरचा वर्ग संपला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडचं सांगून समितीवर छाप पडत नाही, म्हणून प्रस्तावात परदेशी दाखले घालावे लागतात. त्यांत अमेरिकेतलं 'सेसमी स्ट्रीट' येतंच येतं. १० नोव्हेंबर १९६९ला ते सुरू झालं. ते करणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ, शिक्षक, संशोधक असे सगळे तज्ज्ञ जमवले होते, पण सोबत आणखी एक उद्योग केला. मुलाला टीव्हीसमोर बसवलं आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रं लावून दिली. टीव्हीवरून मुलाची नजर चित्रांकडे कधी वळते, याची एक माणूस नोंद करत बसायचा. नजर जिथे वळली तिथे कार्यक्रम हरला. साधा हिशोब. तज्ज्ञांनी बजावलं होतं, की बाहुल्या आणि खरी माणसं एकत्र आणू नका, मुलांचा खऱ्याखोट्यात गोंधळ होईल. तसे नमुन्याचे भाग केले, १९६९च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात मुलांना दाखवले. तर कार्यक्रमातल्या रस्त्यावर नुसती खरी माणसं बोलायला लागली की मुलं इकडेतिकडे बघायची. मग तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवला आणि रस्त्यावर बाहुल्या आणल्या. तो प्रचंड पिवळा बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर, दोघंही त्यातूनच आले. तज्ज्ञांच्या सल्ल्यावर चार वर्षांच्या मुलांची नजर भारी पडली.

हा प्रयोग आपल्याकडे करायचा तर मूल लागेल, आणि मुलाला आत सोडायला गेटपास नाही. मोठ्यांवर मात्र तो आपोआप होत असतो. मी सादरीकरण करतो तेव्हा समितीच्या उजव्या हाताला पडदा असतो आणि डाव्या हाताला बटाटेवड्यांची बशी.

तरी नकाराचं फार मनाला लावून घेऊ नये. हेच 'सेसमी स्ट्रीट' १९७१मध्ये खुद्द बीबीसीने नाकारलं. तिथल्या मुलांच्या कार्यक्रमांच्या प्रमुख मोनिका सिम्स यांना त्यातला हुकूमशाही सूर पटला नाही. मुलांच्या वागणुकीला हे लोक वळण लावू पाहतात, असा त्यांचा आक्षेप होता. आमच्याकडे नेमका उलटा प्रकार. 'यातून मुलांना वळण कुठे लागतंय?' या प्रश्नावर माझे निम्मे प्रस्ताव पडलेले आहेत. ते मी बीबीसीला पाठवायला हवे होते.

आणि सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या इतिहासातलं सर्वांत यशस्वी सादरीकरण करणाऱ्या माणसाकडे तर पडदाही नव्हता. १ मे १९६९ला मुलांचा कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीसमोर बसले. सार्वजनिक प्रसारणाच्या दोन कोटी डॉलर्सवर कात्री चालण्याच्या बेतात होती. उपसमितीचे अध्यक्ष जॉन पास्टोर दिवसभर निवेदनं ऐकून विटलेले होते. रॉजर्सनी आणलेलं निवेदन वाचलं नाही. आपण मुलांशी रागाबद्दल कसं बोलतो, हे त्यांनी मुलांशी बोलावं इतक्या संथपणे सांगितलं आणि आपल्या एका गाण्याचे शब्द म्हणून दाखवले. सहासात मिनिटांचा मामला. अंगावर काटा आला असं पास्टोर म्हणाले, आणि दोन कोटी तुम्ही कमावलेत अशी कबुली त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकली. मी ती चित्रफीत अनेकदा पाहिली आहे. तिचा अभ्यास करून मीही एकदा साहेबांसमोर कागद मिटवून ठेवला, आवाज खाली आणला आणि संथपणे बोलू लागलो. साहेब अर्धवट उठले आणि म्हणाले, "बरं नाही का वाटत? मामा, जरा पाणी आणा."

सरकारी माणसाला मूल कळतच नाही असं कुणी म्हणालं तर मी मात्र भांडायला उठतो. 'एक अनेक और एकता' ही १९७४ची छोटी कार्टून फिल्म आठवा. जाळ्यात सापडलेले पक्षी जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळं कुरतडतात. ती दिग्दर्शित करणाऱ्या विजया मुळे या मुंबईत जन्मलेल्या आणि शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून काम केलेल्या. राष्ट्रीय एकात्मता हा विषय तेव्हा भाषणातून कसा यायचा, ते त्या काळच्या शाळेत गेलेल्यांना विचारा. बाईंनी तो सात मिनिटांत, थोड्या चिमण्यांवर आणि एका गाण्यावर निभावला, आणि पन्नास वर्षांनंतरही लोकांना तो आठवतो. म्हणजे खुर्ची तीच, फाइल तीच, गाभा घटकही तोच. तेव्हा दोष खुर्चीला देता येत नाही, ही खरी पंचाईत आहे.

आता माझी कोंबडी. मालिकेचं नाव 'सातवं पिल्लू'. ठकूबाई नावाच्या कोंबडीला सात पिल्लं. रोज संध्याकाळी ती मोजते, तर सहाच भरतात. सातवं कुठेतरी उलथलेलं असतं. त्याला शोधायचं, तर पायांचे ठसे मोजावे लागतात, सावली कुठे पडली होती ते आठवावं लागतं, विहिरीची खोली काढावी लागते. वजाबाकीपासून भूगोलापर्यंत सगळं त्या एका वात्रट पिल्लापायी. यावर समितीची बैठक बसली.

"पिल्लं किती म्हणालात?" विषयतज्ज्ञ मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"सात."

"सात कशाला?"

"कोंबडीला असतात, मॅडम. जास्तही असतात."

"तिला असतील हो. आपण मुलांपुढे काय ठेवतोय? छोट्या कुटुंबाच्या गाभा घटकाचं काय?"

"दोन करा," अध्यक्ष साहेब म्हणाले.

"सर, दोनातून एक गेलं की एक उरतं. पहिल्या भागातच गणित संपेल. बाकी पंचवीस भागांत काय करू?"

"मूल्यशिक्षण करा की."

समितीवर एक ज्येष्ठ बालसाहित्यिक होते. त्यांचा आक्षेप वेगळा होता. पिल्लू रोज हरवतं याचा अर्थ आई बेजबाबदार ठरते, मातृत्वाच्या प्रतिमेला धक्का बसतो. पिल्लू हरवण्याला त्यांची ना नव्हती. फक्त त्याने आईला सांगून हरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

लेखा अधिकाऱ्यांनी अंदाजपत्रक उलगडलं. दरपत्रकात निवेदक होता, मुख्य कलाकार होता, सहकलाकार होता. बाहुलीला रकानाच नव्हता. कोंबडीचे सर्वांत जास्त प्रसंग, म्हणून ती मुख्य कलाकार धरली. मुख्य कलाकाराला पॅन क्रमांक बंधनकारक. "तुमचा टाका," ते मला म्हणाले. तेव्हापासून आयकर खात्याच्या लेखी मी आणि ठकूबाई एकच आहोत.

"मालिका साधारण कधी लागेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"मंजुरी आत्ता मिळाली तर जुलै-ऑगस्ट, सर."

"म्हणजे श्रावण." ते गंभीर झाले. "श्रावणात कोंबडी बरी दिसत नाही."

"सर, ती खायची नाहीये."

"ते आपल्याला ठाऊक आहे. लोकांच्या मनात काय येईल सांगता येतं का? त्यापेक्षा मोर करा. राष्ट्रीय पक्षी आहे, कुणी बोलणार नाही."

मी वाचलो तो डेड स्टॉक रजिस्टरमुळे. पायलट भागासाठी बाहुल्यांचा खर्च वाहिनीने केला होता आणि 'कोंबडी, कापडी, मोठी, नग १. पिल्ले, लहान, नग ७' अशी नोंद होऊन बसलेली होती. एकदा रजिस्टरला चढलेली कोंबडी मोर होऊ शकत नाही, आणि नगांतले पाच कमी झाले तर चौकशी लागते. शेवटी मॅडमनीच तोड काढली. सातांपैकी दोन पिल्लं ठकूबाईची, उरलेली पाच शेजारणीची, खेळायला आलेली. शेजारणीला पाच कशी, हे कुणी विचारलं नाही. ती पडद्यावर येणार नव्हती.

पायलटच्या प्रीव्ह्यूला लेखा अधिकाऱ्यांची नात आली होती. पाळणाघराला सुट्टी होती, आणि आजोबांबरोबर आलेल्या माणसाला गेटपास विचारत नाहीत. पाचेक वर्षांची असेल. खुर्चीवर पाय लोंबकळतात म्हणून ती सरळ खाली फरशीवर बसली. पहिली पाच मिनिटं तिने सँडलचा पट्टा उघडला आणि लावला. पडद्यावर ठकूबाई शेजारणीच्या पिल्लांना रांगेत उभं करून रांगेचं महत्त्व सांगत होती. मग नात उठून वड्यांच्या बशीपाशी गेली. सातव्या मिनिटाला ठकूबाई पायांचे ठसे बघायला खाली वाकली आणि तिची चोच गळून पडली. चित्रीकरणाच्या दिवशी फेव्हिकॉल वाळला नव्हता आणि दुसरा टेक घ्यायला वेळ नव्हता. खालून बाहुलीवाल्याचा हात बाहेर आला, जमिनीवर चाचपडला, चोच उचलली आणि उलटी बसवली. ठकूबाई त्याच उलट्या चोचीने धीरगंभीर आवाजात म्हणाली, "तर मुलांनो, निरीक्षण महत्त्वाचं."

हातात अर्धा वडा तसाच धरून नात खिदळत सुटली. हसता हसता ती खाली बसली, मग आडवी झाली. "परत! आजोबा, परत लावा ना!" मामा दारात उभे होते, त्यांनी तोंडावर टॉवेल धरला. मॅडमचे खांदे हलत होते. बालसाहित्यिक खिडकीबाहेर बघू लागले. उरलेला भाग संपेपर्यंत नात पडद्यासमोरून हलली नाही. चोच आणखी कधी पडते याची वाट बघत तिने ठसे मोजले, एक ठसा ठकूबाईने चुकवला तो मोठ्याने ओरडून सांगितला, आणि पिल्लू रांजणामागे आहे हे ठकूबाईच्या आधी ओळखलं.

आठ दिवसांनी इतिवृत्त आलं. 'भाग १, मिनिट ७: तांत्रिक दोष. बालप्रेक्षक अनावश्यक हसतात. सदर प्रसंग वगळून सुधारित भाग सादर करावा.'

मी इतकी वर्षं प्रस्ताव लिहितोय ते फुकट नाही. मी प्रसंग वगळला नाही. अनुपालन अहवाल लिहायला घेतला. 'सदर प्रसंग हेतुपुरस्सर योजलेला असून तो पुढील अध्ययन निष्पत्तीशी निगडित आहे: आधार काढून घेतलेली वस्तू खाली पडते, हे विद्यार्थी निरीक्षणातून सांगतो. गाभा घटक: वैज्ञानिक दृष्टिकोन. प्रीव्ह्यूच्या वेळी उपस्थित विद्यार्थिनीने सदर निरीक्षण पुन्हा दाखविण्याची मागणी स्वयंस्फूर्तीने केली, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणून देत आहे.' खाली सही, शिक्का, सोबत एक प्रत लेखा विभागास.

फाइल यावेळी लवकर उतरली. मॅडमचं वळणदार अक्षर मी लांबूनच ओळखलं. 'खुलासा समाधानकारक. संकल्पना स्तुत्य. दृढीकरणासाठी चोच प्रत्येक भागात किमान दोनदा पाडावी.'